घोडा आपल्या तबेल्यात, नाव मात्र जुन्या मालकाचे: नोंदणी बदलताना काय अडते आणि ते कसे सोडवावे

आधी लक्षणे सांगते. पुढीलपैकी एखादी गोष्ट आपल्या बाबतीत घडली असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे.

- पैसे देऊन घोडा घरी आला, पण पासपोर्टवर (घोड्याच्या ओळखीच्या पुस्तिकेवर) विकणाऱ्याचे नाव नसून आपण कधी न पाहिलेल्या तिसऱ्याच माणसाचे नाव आहे.
- नावबदलाचा अर्ज “अर्जदारास विकणारी व्यक्ती आमच्या नोंदीत मालक नाही” अशा शेऱ्यासह परत आला.
- पासपोर्टमध्ये “कुमैत (तांबूस-तपकिरी), नर” असे लिहिले आहे आणि समोर जवळजवळ पांढरा, खच्ची केलेला घोडा उभा आहे.
- घोड्याच्या मानेत बसवलेली ओळखीची चिप वाचली जात नाही, किंवा वाचली जाते पण आकडा जुळत नाही.
- “मूळ कागद पुण्याला आहेत, पुढच्या आठवड्यात पाठवतो” हे वाक्य आपण तिसऱ्या महिन्यात ऐकत आहात.
- घोडीला शिंगरू झाले आणि त्याची नोंदणी आईच्या कागदांवरून अडली.
- घोडा विकून दोन वर्षे झाली, तरी त्याच्याविषयीचे फोन आपल्यालाच येत आहेत.

बार्देशातील एका लहान तबेल्याचा कागदोपत्री कारभार मी चौदा वर्षे सांभाळते आहे. गोव्यात शर्यतींचे मैदान नाही, त्यामुळे माझ्या हातून गेलेले बहुतेक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे) घोडे पुणे, मुंबई किंवा बंगळुरू येथील शर्यतींतून निवृत्त होऊन, मध्ये दोन-तीन हात फिरून इकडे आलेले होते. त्या प्रत्येक हाताने घोडा पुढे दिला, पैसे घेतले आणि कागद तेवढे मागे ठेवले. वरील सगळ्या तक्रारी मुळात याच एका सवयीतून उपजतात.

तपासणीला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. घोड्याच्या व्यवहारात तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. हा घोडा नेमका कोणता, हे पासपोर्ट सांगतो. तो कोणी कोणाला विकला, हे विक्रीपत्र आणि पैशांची पावती सांगते. नोंदवहीत आज मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हे मात्र नोंदणी करणारी संस्थाच सांगू शकते. “कागद आहेत” असे विकणारा म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा यांपैकी एकच असतो, आणि घेणारा तिन्ही मिळाले असे समजून इसार देऊन मोकळा होतो. पासपोर्ट हातात असणे म्हणजे मालकी असणे, हा गैरसमज मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता त्याचा राग येणेही बंद झाले आहे.

पहिली तपासणी: हातातला कागद कोणता आहे? (खर्च शून्य)

सर्व कागद उजेडात, टेबलावर पसरून ठेवावेत आणि प्रत्येकावर ते कोणी दिले आहेत ते वाचावे. हे हास्यास्पद वाटेल, पण पासपोर्ट म्हणून आणून दिलेली वही प्रत्यक्षात लसीकरणाची वही निघाल्याचे मी किमान सहा वेळा पाहिले आहे. झेरॉक्सवर नाव बदलून मिळत नाही. भ्रमणध्वनीवरच्या छायाचित्रावर तर नाहीच नाही.

संस्था कोणती हे कळले की पुढचा पत्ता कळतो. थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद पुण्यातील स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. मारवाडी, काठियावाडी अशा देशी जातींच्या घोड्यांची नोंद त्या त्या जातीच्या संघटनांकडे असते. स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्याची इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे वेगळी नोंद असू शकते. एकाच घोड्याची दोन ठिकाणी नोंद असेल तर नावही दोन्ही ठिकाणी बदलावे लागते; एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही. स्पर्धेचा प्रवेश अर्ज परत येण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

आणि कोणतीच नोंदणी नसेल तर? तर तो दोष मानू नये. दुचाकी जशी आरटीओकडे नोंदवावीच लागते, तशी प्रत्येक घोड्याची मालकी नोंदवण्याची सक्ती आपल्याकडे नाही. समुद्रकिनाऱ्यावर किंवा लग्नाच्या वरातीत दिसणाऱ्या बहुतेक घोड्यांची वंशनोंद कुठेच नसते. त्यांच्यासाठी वर्णन, छायाचित्रे आणि साक्षीदारांच्या सह्या असलेले नीट विक्रीपत्र पुरेसे ठरते. भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिल्यापासून काही दलाल “आता हा नोंदणीकृत आहे” असे सांगू लागले आहेत. मान्यता जातीला मिळालेली आहे, समोरच्या घोड्याला त्यातून कोणताही कागद मिळत नाही. नसलेल्या नोंदणीचे हस्तांतरण करण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

दुसरी तपासणी: वर्णन आणि घोडा (खर्च: एक सकाळ)

पासपोर्टमध्ये घोड्याची रेखाकृती असते आणि तिच्यावर पांढऱ्या खुणा व केसांचे भोवरे दाखवलेले असतात. घोडा धुऊन, वाळवून, सावलीत उभा करावा आणि मोतद्दाराला लगाम धरायला सांगून एकेक खूण बोटाने दाखवत जुळवावी: कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, चारही पायांतील पांढरा भाग कुठपर्यंत चढला आहे ते, कपाळावरचे आणि मानेच्या दोन्ही बाजूंचे भोवरे. रंगापेक्षा भोवऱ्यांवर अधिक विश्वास ठेवावा, कारण रंग बदलतो आणि भोवरा जागा बदलत नाही. आपल्या जुन्या लोकांनी भोवऱ्यांवरून शुभाशुभाचे मोठे शास्त्र रचले. त्यातला शकुनाचा भाग सोडून दिला तरी भोवरे नीट पाहण्याची ती शिस्त आजही उपयोगी आहे.

रंगाची तफावत दिसताच घाबरू नये. ज्याला पुढे पांढरे व्हायचे असते ते शिंगरू जन्मतः गडद असते, आणि वर्षागणिक त्याच्या अंगावर पांढरे केस वाढत जातात; सहाव्या महिन्यात लिहिलेले वर्णन दहाव्या वर्षी जुळणार नाही हे उघड आहे. खच्ची केल्याची नोंद राहून जाणे हेही अगदी नेहमीचे आहे, आणि पशुवैद्याच्या दाखल्याने ती सुधारून घेता येते. वयात एखाद्या वर्षाचा फरक दिसला तर जन्मतारीख पाहावी, कारण थरोब्रेड घोड्याचे वय त्याचा जन्म कोणत्याही महिन्यातला असला तरी १ जानेवारीला वाढते असे धरतात. खरी चिंता वाटावी ती पांढऱ्या खुणा जुळत नसतील तेव्हा. कागदावर मागचा डावा पाय पांढरा असेल आणि समोर तो काळा असेल, तर तो कागद दुसऱ्या घोड्याचा आहे. तिथे थांबावे.

काहीही चुकीचे आढळले तरी पासपोर्टवर स्वतःच्या पेनाने दुरुस्ती करू नये. चांगल्या हेतूने केलेली खाडाखोडही खाडाखोडच असते. एका गृहस्थांनी “नर” या शब्दावर काट मारून बाजूला “खच्ची” असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, आणि पंधरा दिवसांत झाले असते अशा कामाला त्यामुळे सात महिने लागले.

तिसरी तपासणी: चिप (खर्च: पशुवैद्याची एक भेट)

घोड्यातील चिप साधारणपणे मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या थोडे खाली, कानशील आणि मदार (मान पाठीला मिळते तिथला उंचवटा) यांच्या मध्यावर असते. चिपयंत्राची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, घोड्याच्या तोंडावरचा लोखंडी कड्यांचा मोरखा काढून सुती दोर घालावा, आणि यंत्र अंगाला टेकवून अगदी हळू फिरवावे. डावीकडे काही सापडले नाही तर उजवीकडे, मग छातीपर्यंत पाहावे. “चिप नाही” असा निष्कर्ष मी दुसऱ्या यंत्राने पाहिल्याशिवाय मान्य करत नाही. आजच्या प्रमाणित चिपा आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांच्या, १३४.२ किलोहर्ट्झ लहरींवर चालणाऱ्या आणि १५ अंकी असतात. जुन्या काही चिपांचा आकडा त्याहून लहान असतो आणि सगळी यंत्रे त्या वाचत नाहीत.

आकडा दिसला की यंत्राच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि पंधराच्या पंधरा अंक एकाने वाचून दुसऱ्याने पासपोर्टशी ताडून पाहावेत. सुरुवातीचे तीन अंक ३५६ असतील तर तो भारताचा संकेतांक होय. ९ ने सुरू होणारे तीन अंक बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात, आणि त्यावरून घोडा परदेशी आहे असे मुळीच ठरत नाही. असा घोडा “इम्पोर्टेड” म्हणून चढ्या भावात विकण्याचा प्रयत्न माझ्यासमोर झाला आहे.

चिप खरोखरच नसेल, तर घाईने नवी बसवून घेऊ नये. आधी संस्थेला कळवावे आणि तिच्या सूचनेप्रमाणे, तिने मान्य केलेल्या पशुवैद्याकडूनच ती बसवावी. आपण नवी चिप टाकली आणि वर्षभराने सरकलेली जुनी सापडली, तर एका घोड्याच्या अंगात दोन ओळखी होतात. तो गुंता सोडवणे हे चिप नसल्याचे सांगण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

चौथी तपासणी: नोंदवहीत आज कोण? (खर्च: एक पत्र)

ही तपासणी खरे तर पैसे देण्यापूर्वी करायची असते. घोड्याचे नोंदलेले नाव, जन्मवर्ष, आईबापांची नावे आणि चिपचा आकडा देऊन संस्थेला लेखी विचारावे: सध्या नोंदलेला मालक कोण, घोडा भाडेपट्ट्यावर दिलेला आहे का, आणि त्याच्यावर काही अट किंवा हरकत नोंदलेली आहे का. भाडेपट्ट्याचा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण शर्यतीचे घोडे भाडेपट्ट्यावर दिले जातात आणि भाडेकरूला घोडा विकता येत नाही. निवृत्त घोडा पुन्हा शर्यतीत उतरवणार नाही, किंवा घोडीपासून पैदास करणार नाही, अशा अटीवर दिलेला असू शकतो. ती अट मान्य नसेल तर ते इसार देण्यापूर्वी कळलेले बरे.

शिंगराची नोंदणी अडली असेल तर तिचे मूळही येथेच सापडते. आईची मालकी आपल्या नावावर चढलेली नसेल तर शिंगराच्या अर्जावरील आपली सही कोणी ग्राह्य धरणार नाही. शिवाय बापाच्या मालकाकडून घोडी लावल्याचा दाखला लागतो, तो घोडी विकणाऱ्याने मागून घेतला होता का हेही पाहावे. गाभण घोडी घेताना हा दाखला घोडीबरोबरच ताब्यात घ्यावा. शिंगरू झाल्यावर तो मिळवायला निघणे फार महाग पडते.

पाचवी तपासणी: सह्यांची साखळी (खर्च: वेळ, प्रवास, चिकाटी)

समजा, नोंदवहीत अ आहे, त्याने ब ला विकला, ब ने क ला, आणि क ने आपल्याला. ब आणि क यांनी नाव बदलून घेतलेच नाही. आता दोन मार्ग उरतात. अ ने थेट संस्थेला लिहून द्यावे की आपण हा घोडा विकलेला आहे आणि आपला त्यावर हक्क उरलेला नाही. अथवा अ-ब, ब-क आणि क-आपण अशी तिन्ही विक्रीपत्रे गोळा करून साखळी पूर्ण करावी. पहिला मार्ग जवळचा आहे, पण एकट्या पहिल्या मार्गावर मी थांबत नाही. मधल्या ब चे पैसे थकलेले असतील तर तो नंतर उभा राहू शकतो, म्हणून ब आणि क यांच्याकडूनही “आमचे काही येणे नाही” असे चार ओळींचे पत्र घेऊन ठेवावे.

यामागचे तत्त्व मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम २७ मध्ये आहे: काही अपवाद सोडले तर विकणाऱ्याकडे जितका हक्क असतो त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे क चा हक्कच कच्चा असेल, तर आपण कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी आपलाही कच्चाच.

साखळी तुटण्याची नेहमीची ठिकाणे दोन. घोडा चार भागीदारांचा असतो आणि नावबदलाच्या फॉर्मवर एकाचीच सही असते. अशा वेळी सर्वांच्या सह्या, किंवा त्यांनी एकाला दिलेले अधिकारपत्र लागते. दुसरे ठिकाण म्हणजे कोरा सही केलेला फॉर्म. स्कूटर विकताना फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची वाईट खोड आपल्याकडे आहेच, तीच घोड्यांच्या व्यवहारात शिरली आहे. कोऱ्या फॉर्मवर तारीख नसते, घेणाऱ्याचे नाव नसते, आणि सही करणाऱ्याला पाच वर्षांनी विचारले तर आठवणही नसते. असा फॉर्म मिळाला तर तो भरून पाठवू नये. सही करणाऱ्याला शोधून नवा फॉर्म घ्यावा. शोधणे कठीण असते हे मान्य. जुन्या ट्रेनरला, नाल ठोकणाऱ्याला, पूर्वीच्या पशुवैद्याला विचारत गेल्यास माणूस सापडतो, असा माझा अनुभव आहे. घोड्यांच्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात.

सहावी तपासणी: नोंदलेला मालक हयात नाही

इथून पुढे घरगुती उपाय संपतात. मयताच्या मुलाने सही केली आणि ओळखपत्र जोडले, एवढ्याने भागत नाही. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक धरली जाते, त्यामुळे मयताच्या पत्नीचा निम्मा वाटा वारसा सुरू होण्यापूर्वीच तिचा असतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे वारस वेगळे ठरतात. वारस कोण, हे गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ याप्रमाणे विशेष नोटरीसमोर केलेल्या दस्ताने किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरीच्या (मयताच्या मालमत्तेची यादी व वाटणी करण्याच्या) कार्यवाहीने ठरते. मालक पुण्याचा किंवा बेळगावचा असेल तर हे सर्व वेगळ्या कायद्याने चालते. एका घोड्यासाठी वाडा वाटून घ्यायला कोणी निघत नाही, आणि नेमके म्हणूनच हे काम रेंगाळते. वारसांत एकमत असेल तर सर्वांच्या सह्यांचे नोटरीकृत संमतीपत्र संस्था स्वीकारते का, हे आधी लेखी विचारावे. एकमत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा, किंवा वकील गाठावा.

जे लक्षण या दुखण्याचे नसते

पत्रादेवी, मोले, केरी किंवा पोळे या गोव्याच्या सीमेवरील नाक्यांवर घोड्याची गाडी अडली की लोक मला फोन करून “पासपोर्ट चालला नाही” असे सांगतात. तिथला प्रश्न मालकीचा नसतो. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे घोडा प्रवासास योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पात्र पशुवैद्याचा दाखला गाडीबरोबर असावा लागतो. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग असून २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगप्रतिबंधक कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे, म्हणून घोडा राज्याबाहेरून आणण्यापूर्वी त्याच्या रक्तजलाची तपासणी करून घ्यावी आणि अहवालावर चिपचा आकडा लिहिला आहे ना, ते पाहावे. बिनआकड्याचा अहवाल कोणत्याही घोड्याचा असू शकतो. कोणते दाखले हवेत हे निघण्यापूर्वी पशुसंवर्धन खात्याला विचारावे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

चिपचा आकडा दुसऱ्याच घोड्याच्या नावावर निघाला, अंगात दोन चिपा सापडल्या किंवा पासपोर्टमध्ये पाने बदलल्यासारखी दिसली, तर स्वतः काही करू नये. विकणाऱ्याला फोन करून भांडूही नये. संस्थेला लेखी कळवावे आणि घोडा, कागद आहेत त्या स्थितीत ठेवावेत. ओळखीचाच वाद असेल तर शेवटचा उपाय डीएनए तपासणीचा. त्यासाठी आयाळीचे मुळांसह उपटलेले केस लागतात (कापलेले चालत नाहीत) आणि तुलनेसाठी आईबापांचे नमुने नोंदीत असावे लागतात. हे नमुने संस्थेने सांगितल्यावर, तिच्या माणसासमोरच घ्यावेत. आपण परस्पर करून आणलेला अहवाल बहुधा बाजूला ठेवला जातो.

घोडा चोरीचा असल्याची शंका असेल, त्याच्यावर कर्ज असेल, किंवा दोन माणसे मालकी सांगत असतील, तर वकिलाकडे जावे आणि उरलेले पैसे रोखून धरावेत. ग्लँडर्सचा अहवाल संशयास्पद आला तर सगळी कागदपत्रे बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवावे आणि त्या घोड्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नये.

आता विकणाऱ्यांसाठी थोडेसे. पैसे मिळाले की काम संपले असे समजू नये. तारीख, वेळ, चिपचा आकडा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत असलेल्या विक्रीपत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवून, विक्री झाल्याचे संस्थेला आपण स्वतः कळवावे. घेणाऱ्याने कळवले नाही तरी आपली बाजू नोंदीत राहते. उद्या तोच घोडा रस्त्यावर मोकाट फिरताना कोणाच्या गाडीसमोर आला, तर चौकशीचा पहिला फोन नोंदवहीतील नावालाच जातो.

घेणाऱ्याला माझा एकच आग्रह असतो: किमतीचा दहावा भाग तरी नाव चढेपर्यंत हातात ठेवावा आणि तसे विक्रीपत्रात लिहावे. पूर्ण पैसे मिळालेल्या माणसाला पुण्याचे कागद सापडत नाहीत. दहावा भाग अडकला असेल तर ते आठवड्याभरात सापडतात.

नाव बदलून आलेला पासपोर्ट तबेल्यात ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात खोगिराच्या खोलीतील कपाटात ठेवलेल्या कागदावर ऑगस्टपर्यंत बुरशी चढते आणि शिक्क्याची शाई पसरते. मी ते घरी, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवते, आणि तबेल्यात फक्त झेरॉक्स लटकवते.